एकदाच लागणारं कुलूप

जालन्याच्या एमआयडीसीतून बाहेर पडणारा माल दोन जातींचा असतो: दार नसलेला आणि दार असलेला. दार नसलेला माल म्हणजे सळई. साखळ्यांनी आवळलेले सळयांचे बंडल घेऊन उघडे ट्रेलर रात्रंदिवस शहराबाहेर पडत असतात. त्यांना सील लावायचं म्हटलं तरी लावणार कुठे? तिथे वजनकाटा कामाला येतो. रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं वजन, पावतीवर दोन्ही आकडे आणि वेळ. माल पोहोचला की दुसऱ्या काट्यावर पुन्हा तेच. मधल्या रस्त्यात सळई उतरवली गेली तर काटा चुगली करतो. दोन काट्यांच्या फरकात बसेल एवढीच उतरवली असेल, तर करत नाही.

दार असलेल्या मालाची तऱ्हा निराळी. कंटेनरचं दार लागलं की आत काय आणि किती आहे, हे कोणालाच दिसत नाही. जालन्याच्या भट्ट्यांसाठी परदेशातून येणारं भंगार असो की इथून न्हावा शेव्याकडे निघालेला निर्यातीचा माल, सुमारे ४०० किलोमीटरच्या या रस्त्यावर त्याची सगळी भिस्त दाराच्या कडीत अडकवलेल्या बोटभर लांबीच्या वस्तूवर असते. कागदावर तिचं नाव बोल्ट सील. कस्टमच्या भाषेत वन टाइम लॉक, म्हणजे ओटीएल. ट्रान्सपोर्टवाले सरळ बॉटल सील म्हणतात.

वस्तू म्हणाल तर अगदी साधी आहे. एक पोलादी खिळा आणि त्याच्यावर बसणारी एक टोपी, एवढे दोनच भाग. खिळ्याच्या टोकाशी एक खाच असते आणि टोपीच्या पोटात स्प्रिंगसारखं कडं. खिळा कडीच्या भोकातून घालून टोपी दाबली की कडं खाचेत बसतं आणि खट्ट आवाज येतो. त्यानंतर ते परत निघत नाही. चावी नाहीच. उघडायचं तर बोल्ट कटरने कापायचं आणि फेकून द्यायचं. खिळ्यावर आणि टोपीवर एकच क्रमांक कोरलेला असतो, म्हणजे एका सीलचा खिळा आणि दुसऱ्याची टोपी अशी जोडी जमवता येऊ नये. वरून प्लास्टिकचा थर असतो. तो निव्वळ शोभेचा नाही. हातोडा, ड्रिल, पकड, काहीही लागलं तरी त्यावर ओरखडा उमटतो.

या सीलांचं जागतिक मानक आहे आयएसओ १७७१२. त्यात तीन वर्ग येतात: आय, एस आणि एच. आय वर्गाचं सील हातानेही तुटू शकतं, ते फक्त खूण राखतं. एच हा सर्वांत कणखर वर्ग. त्याला १० किलोन्यूटन ओढ सोसावी लागते, म्हणजे साधारण एक टन वजन टांगलं तरी ते सुटता कामा नये. शिवाय वाकवण्याच्या, कातरण्याच्या आणि घाव घालण्याच्या चाचण्या वेगळ्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेला बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक पेटीची धास्ती वाटू लागली आणि १५ ऑक्टोबर २००८ पासून तिकडे जाणाऱ्या भरलेल्या कंटेनरांना या मानकाचं सील सक्तीचं झालं. मराठवाड्यातल्या कारखान्यात आज सीलावर कोरलेलं 'एच' अक्षर दिसतं, त्याचा उगम हा असा.

एवढी ताकद ऐकून कोणाला वाटेल की चोराचं आता काही चालत नाही. पण बोल्ट कटर बाजारात कोणालाही मिळतो आणि एच वर्गाचं सील त्याने काही क्षणांत तुटतं. सील चोराला अडवण्यासाठी नसतंच मुळी. अडवायचं काम कुलपाचं. चोर येऊन गेला हे लपून राहू नये, एवढ्यासाठी सील असतं. गॅसच्या टाकीवरच्या प्लास्टिकच्या सीलकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तीच नजर इथेही हवी. त्या सीलने गॅस कोंडलेला नसतो, पण ते तुटलेलं दिसलं की आपण टाकी परत पाठवतो.

अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉजर जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ९४ प्रकारची सीलं तपासली. साधी, सहज मिळणारी हत्यारं वापरून ती सगळीच चकवता आली, आणि तीही झटपट. चकवणं म्हणजे नुसतं तोडणं नव्हे. उघडायचं, आत हात मारायचा आणि मागे खूण न ठेवता पूर्ववत करायचं. रस्त्यावरचा चोर तर कित्येकदा सीलला हातही लावत नाही. कंटेनरच्या दाराचा दांडा ज्या रिव्हेटवर फिरतो, ते रिव्हेट तो काढतो. सील जिथल्या तिथे, क्रमांक तोच, आणि दार मात्र उघडं. काम झालं की नवं रिव्हेट बसवून त्यावर रंगाचा हात मारला जातो. कंटेनरचं उजवं दार डाव्यावर चढून बसतं, म्हणून सील उजव्या दाराला लावतात. ते डाव्याला लावलं तर उजवं दार मोकळंच राहतं. इतकी साधी गोष्ट, पण घाईत माल भरताना तिचाही विसर पडतो. अमली पदार्थांचे व्यापारी चोराच्या उलट करतात. ते कोणाच्या तरी भल्या मालात आपला माल घुसवतात आणि त्याच क्रमांकाचं नकली सील लावून देतात. निर्यातदाराला पत्ता लागतो तो परदेशातल्या बंदरात पोलीस आल्यावर.

म्हणून सील तपासणाऱ्याने चार गोष्टी कराव्यात असं जगभर शिकवलं जातं: बघा, क्रमांक कागदाशी जुळवा, ओढून पाहा, पिळून पाहा. या चार गोष्टींना अर्धं मिनिटही लागत नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा पहिलीवरच भागतं.

खरा पैसा अडकतो तो कायद्यात. कंटेनर कारखान्यात भरला जातो तेव्हा वाहतूकदार आत डोकावत नाही. जहाजाच्या बिलावर आणि रेल्वेच्या पावतीवर म्हणूनच 'सेड टू कंटेन' असा शेरा असतो, म्हणजे आत अमुक आहे असं पाठवणारा सांगतो, आम्ही मोजलेलं नाही. मग माल कमी भरला तर दोष कोणाचा? सील शाबूत आणि क्रमांक बरोबर असेल तर बोट भरणाऱ्याकडे वळतं. सील तुटलेलं किंवा बदललेलं असेल तर वाहतूकदाराकडे. विमा कंपनीचा सर्व्हेयरही पहिला प्रश्न सीलचाच विचारतो. लाखो रुपयांचा दावा कोणाच्या गळ्यात पडणार हे दार उघडण्याआधीच्या एका नजरेवर ठरतं, आणि ती नजर टाकायचं काम बहुतेक गोदामांत सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे असतं. ड्रायव्हरची तर दोन्हीकडून कोंडी. सील त्याच्यासमोर लावलं की नाही, क्रमांक त्याला दाखवला की नाही, याची नोंद नसते आणि भांडण झालं की पहिली कॉलर त्याचीच धरली जाते.

जालन्याला सीलची ओळख झाली ती रेल्वेमुळे. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला, तो मीटरगेज. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉडगेज. म्हणजे मराठवाड्यातून निघालेल्या कापसाच्या गाठी मनमाडला उतरवून दुसऱ्या डब्यात चढवाव्या लागत. एका डब्याचं सील तोडायचं, दुसऱ्याला लावायचं. तारेत ओवलेली शिशाची गोळी आणि ती दाबणारी पक्कड, एवढीच तेव्हाची सामग्री. माल हातोहाती होतो तिथेच तो गळतो, हे हमालापासून स्टेशनमास्तरपर्यंत सर्वांना ठाऊक असलेलं सत्य. १९९० च्या दशकात गेज बदललं आणि मनमाडचा तो मुक्काम संपला. मराठवाड्याचं रेल्वेचं दुखणं सांगताना आपण वेगाबद्दल बोलतो, पण या चढ-उतारात व्यापाऱ्यांनी काय सोसलं असेल त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

मनमाडचं नाव निघालं की आणखी एक आठवण टाळता येत नाही. तिथल्या पानेवाडी परिसरातल्या तेल डेपोंतून मराठवाड्याला पेट्रोल-डिझेल पुरवलं जातं. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे टँकरमधली भेसळ पकडली आणि भेसळखोरांनी त्यांना जिवंत जाळलं. डेपो ते पंप या रस्त्यात टँकरचं झाकण उघडणं हा केवढा धंदा होता, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळलं. आता तेल कंपन्यांच्या टँकरांवर जीपीएस असतं, आणि इलेक्ट्रॉनिक कुलपंही आली आहेत. ठरलेल्या जागेखेरीज उघडलं तर कंपनीकडे इशारा जातो. यंत्रं आली हे बरंच झालं. या धंद्याने एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा जीव घेतला, याची नोंद मात्र राहायला हवी.

निर्यातीच्या कंटेनरांत मोठा बदल झाला २०१७ मध्ये. त्याआधी कारखान्यात माल भरताना उत्पादन शुल्क खात्याचा अधिकारी हजर राहून सील लावत असे. त्याची वाट पाहण्यात दिवस जायचे. १ जुलै २०१७ ला, जीएसटी लागू झाला त्याच दिवशी, केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क मंडळाने परिपत्रक काढून ही पद्धत मोडीत काढायचं ठरवलं. निर्यातदाराने स्वतःच सील लावायचं, पण ते आरएफआयडी चिप असलेलं, म्हणजे ई-सील. सील लावल्याची तारीख आणि वेळ, शिपिंग बिल, कंटेनरचा आणि गाडीचा क्रमांक, कुठल्या बंदरावर जाणार, सगळं ऑनलाइन भरायचं. बंदराच्या दारात रीडर धरला की ही माहिती पडद्यावर येते. खिळा कापला की चिपची तार तुटते आणि सील मुकं होतं. मग कंटेनर बाजूला काढून तपासला जातो. सरकारने निर्यातदारावर विश्वास टाकला ही चांगली गोष्ट. पण पूर्वी जी साक्ष सरकारी अधिकारी देत होता, ती आता कारखान्यातला डिस्पॅच क्लार्क देतो. त्याला आपण हे काम शिकवलं का, हा प्रश्न उरतोच.

आता थोडं बियाण्याकडे वळू, कारण सीलची खरी जाण जालना जिल्ह्यात कोणाला असेल तर ती बियाण्याच्या धंद्याला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. बियाणे कायदा आला १९६६ मध्ये. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग, पायाभूत बियाण्याला पांढरा, पैदासकार बियाण्याला पिवळा. टॅग पिशवीच्या तोंडाशी शिवून त्यावर सील. २०२३ मध्ये केंद्राने 'साथी' हे पोर्टल सुरू केलं. पिशवीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की बियाणं कुठून आलं ते कळावं, हा त्याचा हेतू. पण कृषी खातं वर्षानुवर्षं जो सल्ला देत आलंय, तो या सगळ्या तंत्रज्ञानाहून मोलाचा आहे: पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरचा टॅग आणि सील शाबूत राहील. पेरणीनंतर पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. उगवलं नाही तर तक्रारीला तोच पुरावा. सीलचा उपयोग माल उघडल्यानंतर सुरू होतो, हे बांधावरच्या शेतकऱ्याला कळतं आणि कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या गोदामाला कळत नाही. तिथे सील कापलं की तुकडा जातो भंगारात.

हे सगळं आताच सांगायचं कारण म्हणजे ड्रायपोर्ट. जवसगाव-दरेगाव परिसरातल्या या प्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०१५ रोजी नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाली. नंतरची बरीच वर्षं रस्ते, रूळ आणि करारमदारांत गेली. २०२२ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि राष्ट्रीय महामार्गांची लॉजिस्टिक्स कंपनी यांनी तिथे मल्टी मोडल लॉजिस्टिक्स पार्क उभारण्यासाठी हातमिळवणी केली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातोच, आणि ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला. ड्रायपोर्टमागची कल्पना अशी की समुद्राचं दार जालन्यात आणायचं. कस्टमची तपासणी इथेच उरकायची, इथेच सील लावायचं आणि ते थेट परदेशातल्या बंदरात उघडायचं. मोसंबी, सूत, बियाणं, पोलाद, सगळ्यांना त्याचा फायदा होईल. पण मग भांडण लागलं तर मुंबईकडे बोट दाखवायची सोयही राहणार नाही.

तेव्हा जालन्यातल्या कारखानदारांना, गोदामवाल्यांना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना एक विनंती. सील लावताना दाराचा, रिव्हेटचा आणि क्रमांकाचा फोटो काढा, ड्रायव्हरला क्रमांक दाखवून त्याची सही घ्या आणि त्यालाही एक प्रत द्या. न वापरलेली सीलं टेबलाच्या खणात न ठेवता कुलपात ठेवा आणि त्यांची नोंदवही करा. आलेलं सील कापण्याआधी ओढून-पिळून पाहा, आणि कापल्यावर दोन्ही तुकडे चिठ्ठी लावून ठेवा, निदान हिशेब मिटेपर्यंत तरी.