बॉयलरचं नाक चोंदलं!

लीड्समधली जानेवारीतली सकाळ. बाहेर उणे ६. मी स्वेटरवर स्वेटर चढवून बसलेय, ताईचं चार महिन्यांचं पिल्लू दोन रजयांमध्ये, जिजू कामासाठी लंडनला. आणि बॉयलर? बंद! आधी गुडगुड आवाज आला, मग एरर कोड आणि बघता बघता सगळे रेडिएटर्स थंडगार.

पुण्यात गीझर बंद पडला तर आपण फार तर आंघोळीला दांडी मारतो. इथे प्रश्न तान्ह्या बाळाचा होता. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर उत्तर, ‘उद्या दुपारनंतर.’ ताईचा चेहरा पाहवेना.

शेवटी शेजारच्या आजोबांना हाक मारली. आयुष्यभर प्लंबिंग केलेला माणूस! त्यांनी बॉयलरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट गॅरेजमागे गेले आणि भिंतीवरची बारीक पांढरी नळी दाखवत म्हणाले, ‘‘बॉयलर ठणठणीत आहे. याचा निचरा गोठलाय.’’

गंमत अशी, की इंग्लंडमध्ये २००५ पासून नवे गॅस बॉयलर जवळपास सगळे ‘कंडेन्सिंग’ प्रकारचे बसवतात. ते धुरातली उष्णताही वापरून घेतात. धूर थंड झाला की त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते थोडंथोडं या नळीतून गटारात जातं. ताईकडची नळी हीटिंग नसलेल्या गॅरेजमधून निघून बाहेरच्या भिंतीवरून खाली उतरत होती. नळी बारीक, उतार नावालाच. पाणी पुढे सरकण्याआधीच बर्फ! मग ते मागे तुंबतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. डिसेंबर २०१० मध्ये, ब्रिटनमधल्या शंभर वर्षांतल्या सर्वांत थंड डिसेंबरात, असे असंख्य बॉयलर बंद पडले होते.

मी उत्साहाने उकळतं पाणी घेऊन धावले. आजोबा ओरडलेच! उकळत्या पाण्याने गारठलेलं प्लॅस्टिक तडकू शकतं. मग कोमट पाणी ओतलं, नळीला गरम पाण्याची पिशवी बांधली. वीसेक मिनिटांनी आत खळ्ळ झालं. रीसेट दाबलं आणि रेडिएटर हळूहळू कोमट झाले. ताई चक्क रडली.

‘‘मग नळीला नुसता फोम गुंडाळला तर?’’ मी विचारलं. आजोबा हसले. रजई दगडाला गरम करत नाही, आहे ती ऊब फक्त टिकवते. नळीत पाणी रेंगाळलं, तर फोममध्येही ते आज ना उद्या गोठणारच. म्हणून आधी पाणी थांबू द्यायचं नाही, गुंडाळणं नंतर.

ऑनसाइट जाताय? भाड्याचं घर बघताना हे तपासा:

* नळी शक्यतो घराच्या उबदार भागातूनच गेलेली असावी.
* बाहेरचा भाग आखूड हवा. तिथे २१.५ मिलिमीटरची नव्हे, तर ३२ मिलिमीटरची नळी हवी.
* उतार मीटरमागे साधारण ४५ मिलिमीटर.
* बाहेरच्या भागावर पाणी न शिरणारं फोमचं वेष्टण. फारच थंडी असेल तर गरम होणारी इलेक्ट्रिक केबल.

ताईने घरमालकाच्या मागे लागून आठवड्यात नळी बदलून घेतली. रात्री आईचा फोन आला, ‘‘काय गं, काय झालं होतं बॉयलरला?’’

‘‘काही नाही गं, नाक चोंदलं होतं!’’