वह्यांचा मेळ

एका हजेरीच्या तंट्यामुळे आम्हांला या विषयाच्या वाटेला जावे लागले. एका कारखान्याच्या शाखेतील कामगाराने मुख्य कचेरीतून आपला परवलीचा शब्द बदलून घेतला. शाखेत तो घातला, तर संगणक म्हणे, चूक! तीन दिवस हजेरी लागली नाही, आणि हाती कारणे दाखवा नोटीस आली. साहेब म्हणाले, माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही. खरे आहे, पण यंत्राला कोणी कळविलेच नसेल तर?

आपला माणूस कोण, ही नोंद डोमेन कंट्रोलर नावाचे संगणक ठेवतात. विंडोज एनटीच्या काळी लिहिण्याची वही एकच असे, बाकी नकला. मायक्रोसॉफ्टने २००० साली ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली आणि लिहिण्याचा अधिकार सर्वांना मिळाला. प्रत्येक कंट्रोलर आपल्या बदलांना क्रमांक देतो. सोबती विचारतो, अमुक क्रमांकापर्यंत पोचले, पुढचे दे. आवक-जावक बारनिशीच म्हणा ना! शब्द जुळला नाही तर शाखेने मुख्य यंत्रास विचारून घ्यावे, अशीही सोय आहे. पण तेथवरचा रस्ताच बंद असला तर?

म्हणून आधी रेपॅडमिन ही आज्ञा चालवून पाहावे, कोणाचा कोणाशी शेवटचा व्यवहार केव्हा झाला. मग पत्ता तपासावा: डीएनएस चुकले की सोबती सापडतच नाही. मग घड्याळ, सहसा पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की ओळख नाकारली जाते. मग मधली अग्निभिंत.

आणि दिवस मोजावेत, हे महत्त्वाचे. काढलेल्या नावाची खूण साधारण १८० दिवस राहते, जुन्या मांडणीत ६०. त्याहून अधिक काळ तुटलेला कंट्रोलर घाईने जोडू नये. इतरत्र काढून टाकलेली नावे त्याच्या वहीत जिवंतच असतात. तो काढून नव्याने उभारावा, हेच बरे.

आमच्या प्रकरणी अकरा दिवस व्यवहार बंद होता. मोडीत काढलेल्या एका यंत्राचा पत्ता शाखेच्या डीएनएसमध्ये तसाच राहिला होता. तो बदलताच त्याच दुपारी नवा शब्द चालला. तीन दिवसांची मजुरी पुढच्या पगारात मिळाली. नोटीस मात्र मागे घ्यायला महिना लागला.