प्रोजेक्टर, पडदा आणि महाड-पोलादपूरचा पावसाळा

लहानशा चित्रावर तीव्र प्रकाश टाकून भिंगाच्या साहाय्याने त्याची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडणे हे प्रोजेक्टरचे मूळ तत्त्व असून, कल्याणच्या महादेव पटवर्धन व त्यांच्या मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेवर रंगवलेल्या चित्रांचे ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जे खेळ केले, तेही याच तत्त्वावर चालत. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील एखाद्या शाळेत आज रंगवलेल्या काचेऐवजी संगणकाला जोडलेले यंत्र असले, तरी प्रकाश, अंतर आणि पडदा यांचे नियम बदललेले नाहीत. मात्र यंत्राच्या किमतीची जितकी चौकशी होते, तितकी या नियमांची होत नाही.

यंत्र पडद्यापासून किती दूर ठेवायचे, हे भिंगाच्या प्रक्षेपण-गुणोत्तरावर, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी या संख्येवर ठरते. हे गुणोत्तर १.५ असल्यास २.४ मीटर रुंद चित्रासाठी ३.६ मीटर अंतर लागते. यंत्र तिरके ठेवल्यास चौकोनी चित्राची एक बाजू फाकते; ती आतील सोयीने सरळ करता येते, पण त्यात चित्राचे काही बिंदू वाया जाऊन अक्षरे पुसट होतात, म्हणून टेबलाची किंवा छतावरील खिळणीची जागाच नीट साधणे केव्हाही उत्तम.

खरी अडचण उजेडाची असते. प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. ज्या जागी प्रकाश पोहोचत नाही, तेथे पडदा खोलीतील उजेडाइतकाच उजळ राहतो आणि प्रेक्षक त्यालाच काळे मानतो. ३००० ल्युमेनच्या, म्हणजे तेवढा एकूण प्रकाश देणाऱ्या यंत्राने वरील मापाच्या सुमारे सव्वातीन चौरस मीटर पडद्यावर साधारण ९०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला तितके ल्युमेन, प्रकाश पडतो. उघड्या खिडक्यांतून ३०० लक्स आत येत असतील, तर पांढरा भाग काळ्याच्या जेमतेम चौपट उजळ दिसतो. खिडक्या झाकून तो उजेड २० लक्सवर आणला, तर हेच प्रमाण पंचेचाळीसपटींच्या पुढे जाते. अधिक महाग यंत्राने एवढा फरक क्वचितच पडतो. चित्राची रुंदी दुप्पट केली, तर तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो, हेही मोठ्या पडद्याच्या हौसेपायी विसरले जाते.

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलतो. ओलसर हवेत भिंगावर आणि गुंडाळलेल्या पडद्यावर बुरशी धरते, पडद्याच्या कडा आत वळतात आणि चित्रातील सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. म्हणून पडदा कोरडा करूनच गुंडाळावा आणि अधूनमधून उलगडून वाऱ्यावर धरावा. उन्हाळ्यात तांबडी धूळ हवेच्या जाळीत साचते, आणि जाळी तुंबली की आत उष्णता कोंडून बल्बचे आयुष्य घटते. चालू यंत्राची वीज अचानक गेल्यास पंखाही बंद पडतो व तापलेला बल्ब निवत नाही, तेव्हा बल्बच्या यंत्राला यूपीएस जोडणे हिताचे ठरते. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीचा पूर महाड शहरात शिरला होता, हे ध्यानात घेता अशी यंत्रे तळमजल्यावरील कपाटात ठेवू नयेत.

नव्याने प्रोजेक्टर घेणाऱ्या शाळांनी खिडक्यांच्या जाड, गडद पडद्यांचा खर्च यंत्राच्या खरेदीआधी अंदाजपत्रकात मांडावा.