कोंबडा की तलंग?

कडकनाथची वीस पिल्ले विकत आणली, की ती सांभाळणाऱ्या घरच्या बाईला पहिला प्रश्न पडतो, यातल्या अंडी देणाऱ्या किती? सगळा हिशेब या प्रश्नावर असतो. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरे होतो, आणि तोही पिल्ले काढायची असतील तरच. नुसत्या खाण्याच्या अंड्यांना कोंबड्याची गरजच नसते. म्हणजे जास्तीचे कोंबडे विकायचे, हे ठरलेले. पण ‘कोंबडाच आहे’ असे समजून एखादी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, विकली गेली तर तिच्याबरोबर वर्षाची ऐंशी-शंभर अंडीही जातात.

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर भागातली, भिल्ल आणि भिलाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जात. तिकडे तिला ‘कालामासी’ म्हणतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. आता ती महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी पाळली जाते. तिची वाढ मात्र सावकाश. ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला येते. कडकनाथ वीस आठवड्यांची झाली तरी वजन साधारण किलोच्या आतच असते आणि पहिले अंडे यायला जवळपास सहा महिने लागतात. त्यात आणखी एक अडचण. इतर कोंबड्यांत लालबुंद तुरा पाहून आपण नर ओळखतो. कडकनाथचा तुराच मुळी काळपट जांभळा! तेव्हा नुसता रंग पाहून चालत नाही.

ही लक्षणे उशिरा का दिसतात? पिल्लू नर की मादी, हे अंड्यातच ठरलेले असते, आणि ते ठरते आईकडून. माणसात ही गोष्ट वडिलांकडून ठरते, पक्ष्यांत उलट. पण शरीराच्या आत ठरलेली ही गोष्ट बाहेर दिसण्यासाठी संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, कामाला लागावी लागतात. तुरा वाढतो तो नर-संप्रेरकामुळे. पिसांचे मात्र वेगळे आहे. मादीची पिसे गोलसर होतात ती तिच्या अंडाशयातून येणाऱ्या स्त्री-संप्रेरकामुळे. ते नसेल तर पिसे कोंबड्यासारखी लांब आणि टोकदार येतात. ज्या जातीला वयात यायला वेळ लागतो, तिच्यात या खुणाही उशिराच उमटतात. अडीच महिन्यांच्या गिरिराजाचा तुरा पाहून त्याच वयाच्या कडकनाथविषयी अंदाज बांधणे म्हणूनच योग्य नव्हे.

आपल्याकडे काही समजुती फार जुन्या आहेत. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, ही त्यातलीच एक. तिला आधार नाही. अंड्याचा आकार त्या कोंबडीच्या शरीराच्या ठेवणीवर अवलंबून असतो. पाय धरून उलटे लटकवले की पिल्लू कसे धडपडते, यावरूनही काही कळत नाही.

मग मोठ्या उबवणी केंद्रांत एका दिवसाची पिल्ले कशी निवडतात? एक पद्धत जपानी शास्त्रज्ञांनी शोधली. मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२७ मध्ये ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती मांडली. पिल्लाचे गुदद्वार हलकेच उघडून आतला बारीकसा उंचवटा पाहायचा. तो बहुधा नरात असतो, पण फरक इतका सूक्ष्म, की त्यासाठी प्रदीर्घ सराव लागतो. नवख्या हाताने पिल्लाला इजा होते. दुसरी पद्धत पंखाच्या पिसांच्या लांबीवरून ओळखण्याची. ती फक्त त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या संकरातच चालते. गावठी किंवा कडकनाथच्या पिल्लाचा पंख पसरून पाहिला, तर निव्वळ अंदाजच हाती येतो.

मग घरी काय पाहावे? पहिले दोन महिने फक्त नोंद ठेवा, निर्णय नको. सावकाश वाढणाऱ्या जातींत नराच्या पाठीवर आणि खांद्यावर पिसे बहुधा उशिरा भरतात, मादी लवकर पिसारते. नराचे पाय जाड आणि उभे राहणे ताठ असते. पण या खुणा पक्क्या नाहीत. धीट मादी आणि बुजरा नर दोन्ही असतात.

तिसऱ्या महिन्यापासून तुऱ्याचा आकार पाहा, रंग नव्हे. एकाच वयाच्या पिल्लांत ज्यांचा तुरा आणि चोचीखालच्या पाळ्या इतरांच्या आधीच जाड, मोठ्या होतात, ते बहुधा नर. मात्र हीच तुलना पाचव्या-सहाव्या महिन्यात करू नका. अंड्यावर येताना तलंगेचाही तुरा वाढतो.

सर्वांत भरवशाची खूण असते कमरेवर, शेपटीच्या अलीकडे. पिल्लाची पहिली पिसे दोघांत सारखीच दिसतात. ती गळून नवी येतात तेव्हा नराच्या कमरेवर अरुंद, चकचकीत, टोकदार पिसे फुटून दोन्ही बाजूंना लोंबू लागतात. मानेची पिसेही तशीच. मादीच्या कमरेवरची पिसे रुंद आणि टोकाशी गोल राहतात. लवकर वयात येणाऱ्या जातींत हे तीन महिन्यांच्या आसपास दिसते. कडकनाथसाठी चार-पाच महिने धरून चालावे.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, तसा नर फार काळ लपत नाही. एक दिवस आरवतोच. पण आरवला नाही म्हणून ती मादी, असा उलटा निष्कर्ष काढू नये. खुराड्यात एक दांडगा कोंबडा असला, की त्याच्या धाकाने दुसरे कित्येक दिवस गप्प राहतात.

व्यवहाराचे सांगायचे तर प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाची सैल दोरी बांधा आणि पाय जाड होत जाईल तशी ती बदला. दर पंधरा दिवसांनी, संध्याकाळी पिल्ले शांत झाली की एकेक हातात घेऊन कमरेची पिसे पाहा आणि वहीत लिहा. वीस पिल्लांत दहा-दहाच निघतील असे नाही; बारा-आठही निघतात. ज्यांच्याबद्दल तीन खुणा एकच गोष्ट सांगतात, ते नर आधी विका. ज्यांच्याबद्दल शंका आहे, त्यांना आणखी महिनाभर दाणा घाला. एका महिन्याचा दाणा वर्षभराच्या अंड्यांपेक्षा नक्कीच स्वस्त पडतो.