भूमिकेची किंमत

जाहिरातीने मालाचे गुण सांगावेत, राजकारणाच्या वाटेला जाऊ नये, हा व्यापारातला जुना संकेत. तो आता मोडत चालला आहे आणि त्याचे कारण म्हणून तरुण ग्राहकाकडे बोट दाखवले जाते. या पिढीला भूमिका घेणाऱ्या कंपन्या आवडतात, असे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. अमेरिकेतल्या दोन जाहिराती शेजारी ठेवल्या की उरलेले अर्धे दिसू लागते.

पहिली पेप्सीची, एप्रिल २०१७ मधली. रस्त्यावर तरुणांचा मोर्चा चालला आहे. मॉडेल केंडल जेनर त्यात शिरते, बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या हाती पेप्सीचा कॅन देते, तो घोट घेतो आणि जल्लोष होतो. मोर्चा कशासाठी, हे शेवटपर्यंत कळत नाही. कृष्णवर्णीयांवरील पोलिसी हिंसेविरुद्धची आंदोलने तेव्हा ताजी होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या कन्या बर्निस किंग यांनी, पोलीस आपल्या वडिलांना अडवत असल्याचे छायाचित्र टाकून या जाहिरातीची खिल्ली उडवली. दुसऱ्याच दिवशी पेप्सीने माफी मागून जाहिरात मागे घेतली.

दुसरी नायकीची, सप्टेंबर २०१८ मधली. तिचा चेहरा होता कॉलिन कॅपर्निक. याच हिंसेच्या निषेधार्थ हा फुटबॉलपटू २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून बसला होता. २०१७ पासून त्याला एकाही संघाने घेतले नाही. जाहिरात येताच लोकांनी नायकीचे बूट जाळले, समभाग सुमारे ३ टक्के घसरला. पण दोन आठवड्यांच्या आत तो तोवरच्या उच्चांकावर गेला. समभागाचा भाव म्हणजे तरुणांचे मत नव्हे. मात्र क्विनिपियाक विद्यापीठाच्या त्याच महिन्यातील पाहणीत १८ ते ३४ वयोगटातल्या सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी नायकीचा निर्णय पसंत केला. पासष्टीपुढच्यांत नापसंती अधिक होती.

विषय एकच, मग परिणाम उलटे का? पेप्सीच्या चित्रात कोणी काहीच गमावत नाही. कॅपर्निकने आपली कारकीर्द गमावली होती. तरुण प्रेक्षक घोषणेआधी हे पाहतो, की किंमत कोणी मोजली?

हा प्रश्न नायकीलाही सोडत नाही. ज्या लीगच्या संघांनी कॅपर्निकला दारे बंद केली, तिचे गणवेश नायकीच पुरवत होती. म्हणजे त्याग त्याचा, श्रेय कंपनीचे. १९९० च्या दशकात आशियातील कारखान्यांतल्या मजुरांच्या हालांवरून अमेरिकी विद्यार्थ्यांनीच नायकीला घेरले होते. अखेर १९९८ मध्ये बूट बनवणाऱ्या कामगारांचे किमान वय १८ करण्याचे वचन तिला द्यावे लागले. ते काम कोणत्याही जाहिरातीने भागले नसते.

आपल्याकडे हा हिशेब आणखी अवघड होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने मुस्लीम सासरी होणाऱ्या हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची जाहिरात केली आणि विरोध होताच मागे घेतली. कारणांत कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचाही उल्लेख होता. ते कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. भूमिका मुख्यालयात ठरते. जमाव येतो तो दुकानावर, आणि समोर असतो काउंटरवरचा विक्रेता. पण हा धोका जाहिरात करण्याआधीच जोखायला हवा. नाहीतर माघारीनंतर विरोधक जिंकल्याच्या आनंदात राहतात आणि ज्या तरुणांना ती जाहिरात आपली वाटली होती, ते उघड्यावर पडतात.