वकील शोधताना, फी देताना

मागे गटाच्या बैठकीत आमच्या एका ताईने पाच हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी, तर वकिलाला द्यायला. द्राक्षाच्या पॅकिंगच्या शेडवर तिची दोन महिन्यांची मजुरी अडकली होती. मुकादम म्हणे मालकाला विचार, मालक म्हणे मुकादमाला. आम्ही कर्ज लगेच दिलं नाही. ताई रुसली. पण आधी चौकशी करू, मग कर्जाचं बघू, असं ठरलं.

चौकशीत पहिलं कळलं ते हे, की बुडालेल्या मजुरीसाठी सुरुवातीलाच वकील लागतो असं नाही. सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात साध्या कागदावर तक्रार देता येते. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्यायची. सोबत पुरावा हवा. ताईकडे हजेरीकार्ड नव्हतं, पण मुकादमाचे फोनवरचे मेसेज होते आणि लेकीच्या जुन्या वहीत तिने रोजचे खाडे-हजेरी लिहून ठेवले होते. ती वही कामाला आली.

पुढे कोर्टात जायची वेळ आलीच, तर वकील मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला हा हक्क आहे आणि तिला उत्पन्नाची अट नाही. पिवळं रेशनकार्ड नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. या वकिलाची फी प्राधिकरण देतं. त्याने आपल्याकडे पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करायची. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, असं गावात म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. मात्र त्याच्याकडे कामं पुष्कळ असतात, तेव्हा तारीख आपणच ध्यानात ठेवावी.

कुणाला खासगी वकीलच करायचा असेल तर? वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून विचारपूस हाच रस्ता. ज्या बाईची केस चालली तिलाच विचारा. वाटणीचे, सातबाऱ्याचे दावे चालवणारा वकील मजुरीच्या कामात मुरलेला असेलच असं नाही, तेव्हा "कामगारांच्या केसेस चालवता का?" हे पहिल्याच भेटीत विचारा.

फी किती, किती टप्प्यांत, कोर्टाचा खर्च त्यात धरलाय की वेगळा, हे कागदावर घ्या आणि दरवेळी पावती मागा. "मिळतील त्यातले निम्मे माझे" असा सौदा वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे. फी थकली म्हणून आपले कागद अडवून ठेवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तसा निकाल दिलाय. वकीलपत्रावर सही करा, पण वाचून घेऊन. कोऱ्या कागदावर अंगठासुद्धा नको.

लोकअदालतीत तडजोड होते तेव्हाही आकडा नीट ऐकून घ्या. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

ताईने कामगार कार्यालयात तक्रार दिली आहे. गटातल्या दोघी तिच्यासोबत गेल्या होत्या. मालकाला नोटीस गेली, तारीख पडली आहे. कर्जाचा अर्ज तिने परत घेतला, एसटीच्या भाड्यापुरते पैसे तेवढे गटाने दिले.