निर्मळ हवेतील गंधक



स्वच्छ हवा कशास म्हणावयाचे, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण चटकन उत्तर देतो : जिच्यात धूर नाही, धूळ नाही, घाण वास नाही, ती स्वच्छ हवा. परंतु हे उत्तर ‘नाही’चे झाले. स्वच्छ हवेत काय असते, हे त्यातून कळत नाही. आणि ते कळल्यावाचून माणसाने हवा किती बिघडवली याचा हिशेब मांडता येत नाही. मूळ मुद्दल ठाऊक नसेल तर व्याज कशावर मोजणार? आजच्या विषयाचे महत्त्व एवढ्यात आहे.

अशा मुद्दलाचा शोध घेण्यासाठी आपल्याला बरेच दूर जावे लागेल. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया हे बेट आहे. त्याच्या वायव्य टोकाशी केप ग्रिम नावाचे भूशिर आहे. ‘ग्रिम’ म्हणजे उग्र, भयाण. आणि नाव शोभावे असाच तो कडा आहे. त्याच्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे ९४ मीटर उंचीवर १९७६ पासून हवेची नोंद घेणारे केंद्र चालू आहे. तेथे नैर्ऋत्येकडून येणारा वारा हजारो किलोमीटर नुसत्या पाण्यावरून येतो. वाटेत ना शहर, ना कारखाना. वारा या दिशेने वाहत असताना जी हवा मिळते तिला तेथील शास्त्रज्ञ ‘पायाभूत हवा’ समजतात.

आता या निर्मळ हवेत काय सापडावे? गंधक! आणि तोही गिरणीच्या धुराड्यातला नव्हे, तर समुद्रातून आलेला.

गंधकाचा एक जुना हिशेब शास्त्रज्ञांना छळीत असे. पावसाबरोबर जमिनीवरील गंधक विरघळतो, नद्या तो समुद्रात नेऊन ओततात. हे युगानुयुगे चालले आहे. मग जमिनीवरील गंधक संपून कसा जात नाही? अर्थात समुद्र तो कोणत्या तरी वाटेने परत करीत असला पाहिजे. कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा वायू हे काम करीत असावा, असे पुष्कळ काळ मानले जात होते. पण प्राणवायू मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यात तो फार काळ टिकत नाही. १९७१ मध्ये जेम्स लव्हलॉक हे इंग्रज शास्त्रज्ञ ‘शॅकल्टन’ या जहाजातून दक्षिणेकडे समुद्रप्रवासास निघाले. त्यांनी ठिकठिकाणी समुद्राचे पाणी तपासले, आणि त्यात त्यांना निराळाच गंधकयुक्त वायू आढळला. त्याचे नाव डायमेथिल सल्फाइड. १९७२ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

हा वायू येतो कोठून? समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांतील पुष्कळ जाती आपल्या पेशींत गंधकाचे एक संयुग साठवून ठेवतात. समुद्रशैवालात हे संयुग असल्याचे चॅलेंजर आणि सिम्सन यांनी १९४८ मध्येच दाखविले होते. वनस्पती मेल्या, किंवा सूक्ष्म जीवांनी त्या खाल्ल्या, की ते संयुग फुटते आणि डायमेथिल सल्फाइड पाण्यात येतो. त्यातला थोडा अंश हवेत निसटतो. किनाऱ्यावर उभे राहिले असता आपण ज्याला ‘समुद्राचा वास’ म्हणतो, त्यात याचा वाटा असतो. दर वर्षी जगातील समुद्रांतून या रूपाने अदमासे दोन ते तीन कोटी टन गंधक हवेत जातो. तरीही केप ग्रिमच्या हवेत उन्हाळ्यात त्याचे प्रमाण लाख कोटी रेणूंमागे शंभराच्या आसपास, एवढेच असते. कारण तो हवेत फार तर एक-दोन दिवस राहतो. म्हणजे त्याला कोणीतरी सतत खाऊन टाकीत असले पाहिजे.

हा खाणारा कोण? आपण म्हणाल, प्राणवायू. हवेत तो एकपंचमांश आहे, लोखंड गंजते ते त्याच्यामुळेच. पण साध्या तापमानास असल्या वायूंवर तो फार मंद चालतो. खरे काम करतो तो हायड्रॉक्सिल : एक प्राणवायूचा अणू आणि एक हायड्रोजनचा, असे अपुरे, म्हणूनच अतिशय भुकेले जोडपे. त्याचा जन्म असा. सूर्याचे जंबुपार किरण ओझोनचा रेणू फोडतात. त्यातून उत्तेजित झालेला प्राणवायूचा अणू सुटतो. असे बहुतेक अणू इतर रेणूंना धडकून शांत होतात. पण काहींची गाठ पाण्याच्या वाफेशी पडते, आणि एका अणूपासून दोन हायड्रॉक्सिल होतात. एक घन सेंटिमीटर हवेत २५ या आकड्यावर १८ शून्ये इतके रेणू असतात. त्यांत भर दुपारी हायड्रॉक्सिल असतात ते अवघे काही दशलक्ष, आणि तेही सेकंदभरच जगतात. तरीही हवेचे झाडलोटकाम बहुतांशी यांच्याच हातून होते. खालच्या थरातील त्यांचे हे कार्य हिराम लेव्ही यांनी १९७१ मध्ये उलगडून दाखविले.

याचा एक गमतीचा पुरावा केप ग्रिमलाच मिळतो. शहराच्या हवेत ऊन चढले की ओझोन वाढतो, कारण मोटारींच्या धुरातील नत्राची ऑक्साइडे त्या कामी साहाय्य करतात. केप ग्रिमच्या निर्मळ हवेत ती ऑक्साइडे जवळजवळ नसतात. म्हणून उन्हाळ्यात तेथे ऊन चढते तसा ओझोन कमी होतो, आणि त्याच वेळी हायड्रोजन पेरॉक्साइड वाढते. तेच ऊन, तोच ओझोन. पण शेजारी बदलला की वागणूक उलटते!

हायड्रॉक्सिलची गाठ पडली की डायमेथिल सल्फाइडपुढे दोन वाटा असतात. एका वाटेने त्याचा हायड्रोजनचा अणू हिरावला जातो आणि पुढे बहुतांशी सल्फर डायॉक्साइड होतो. दुसऱ्या वाटेने हायड्रॉक्सिल गंधकालाच चिकटतो आणि शेवटी मिथेन सल्फॉनिक आम्ल तयार होते. थंड हवेत ही वाट अधिक चालते. सल्फर डायॉक्साइडचे पुढे काय होते, यावर बरेच अवलंबून आहे. तो कोरड्या हवेत हायड्रॉक्सिलच्या हाती लागला तर गंधकाम्लाची वाफ होते आणि तिच्यापासून अगदी नवे कण जन्मू शकतात. तो ढगाच्या थेंबात विरघळला तर पेरॉक्साइड त्याचे तेथेच गंधकाम्ल करते. परंतु मग जुनेच कण जाड होतात, नवे होत नाहीत.

हा भेद बारीक वाटेल, पण फार मोलाचा आहे. ढगातील प्रत्येक थेंबाला बसावयास एक कण लागतो. कण अधिक असले तर तेवढेच पाणी अधिक आणि लहान थेंबांत वाटले जाते, ढग अधिक पांढरा होतो आणि ऊन परत फेकतो. यावरूनच चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन यांनी १९८७ मध्ये एक धीट कल्पना मांडली : समुद्रातील सूक्ष्म वनस्पती गंधक सोडून ढग पांढरे करतात आणि पृथ्वीचे तापमान आवरून धरीत असाव्यात. केप ग्रिमच्या नोंदींत उन्हाळ्यात मिथेन सल्फॉनिक आम्ल आणि ढगांचे बीजकण बरोबरच वाढतात, असे १९९१ मध्ये दिसून आले, तेव्हा या कल्पनेस मोठा आधार वाटला.

पण दोन गोष्टी बरोबर चालल्या म्हणजे साखळी सिद्ध झाली, असे नव्हे. लाटांच्या फेसातून उडालेले मीठही बीजकण होते, वरच्या थरातूनही कण खाली येतात. आणि साखळीची एकेक कडी तपासली तर ती अपेक्षेहून सैल आढळते, असा आक्षेप २०११ मध्ये जोराने घेण्यात आला. पुढे २०२० मध्ये तर डायमेथिल सल्फाइडपासून होणारे, तोवर हवेत कोणी न पाहिलेले एक संयुग विमानातील उपकरणांनी टिपले. ते ढगात सहज शोषले जाते. म्हणजे नवे कण होण्याआधीच बराच गंधक ढगात जातो. कल्पना सुंदर होती. पण निसर्गाने ती जशीच्या तशी पाळली नाही.

मग या खटाटोपाचा आपणास काय उपयोग? १ जानेवारी २०२० पासून जगातील जहाजांच्या इंधनातील गंधकाची सर्वसाधारण मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. बंदरांजवळ राहणाऱ्यांच्या फुप्फुसांना त्याचा लाभ झाला, हे उघड आहे. पण त्याबरोबर जहाजांच्या मागे ढगांत उमटणारे पांढरे पट्टेही पुष्कळ कमी झाले. म्हणजे आपलाच धूर आपल्याच तापलेल्या पृथ्वीवर थोडी सावली धरीत होता! ही सावली नेमकी किती होती, हे समुद्राचा स्वतःचा गंधक किती ढग उजळतो हे कळल्याशिवाय सांगता येत नाही.

आपला कोकणकिनाराही या विषयापासून दूर नाही. पावसाळ्यात तेथे येणारा वारा विषुववृत्त ओलांडून हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेला असतो. हिवाळ्यात वारा उलटतो आणि जमिनीवरील धूर समुद्रावर नेतो. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत या धुरकट थराचा विस्तार सर्वांना दिसला. किनारा एकच, पण वर्षातून दोन निराळ्या हवा त्याला भेटतात. पहिली कशी असते हे नीट जाणले, तरच दुसरीत आपण काय घातले याचा जाब आपल्याला देता येईल.